धडा वजा जाता

२ फेब्रुवारी

वही नवी, सवय जुनी. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानात जायचं, काटा तपासायचा, वजनं तपासायची आणि दिसलं ते तारीख घालून लिहायचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी लिहिल्याशिवाय एखादी गोष्ट झाली असं मला वाटत नाही. म्हणून लिहितो.

सकाळी हिच्या ताईंचा फोन आला. ताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. महिनाअखेरीस त्या मुलाकडे परदेशी चालल्यात, कायमच्या. घरसुद्धा विकलं. "एकदा येऊन जा गं," म्हणाल्या, "नंतर कुठली तू आणि कुठली मी." ही "हो हो, येते" म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसली.

ताईंचं गाव बसनं सहा तासांवर. दोन वर्षांपूर्वी हिला झटका आला, तेव्हापासून डावी बाजू निम्मी झोपलेली आहे. लघवीची घाई झाली की संडासापर्यंत पोचायला हिला वेळ लागतो, आणि घाई काही थांबत नाही. गेल्या वर्षी दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीतली खुर्ची भिजली, त्या दिवसापासून हिनं उंबरा ओलांडलेला नाही. लेक म्हणते, गाडी करून जा, वाटेल तिथे थांबा. पण बंद गाडीत हिला दहाव्या मिनिटाला ओकारी होते, लग्नाच्या दिवसापासून पाहतोय. बसमध्ये होत नाही. का, ते तिलाच ठाऊक.

तेव्हा प्रश्न एवढाच, की सहा तास न गळणारी डायपर पँट कुठली. तीन पाकिटं आणलीत. एक निळं, एक हिरवं, एक फुलाफुलांचं. तिन्हींवर लिहिलंय, 'बारा तास संरक्षण'. कुणाचे बारा तास, ते लिहिलेलं नाही. नोकरीत असतो तर नोटीस काढली असती.

२४ तारखेच्या आत निघायचं. त्यानंतर ताईंची निघायची गडबड.

३ फेब्रुवारी

मोरीत प्रयोग केले. अंगाइतकं कोमट पाणी, चिमूटभर मीठ, मापाचं भांडं आणि स्वयंपाकघरातला काटा. आधी कोरड्या पँटचं वजन घेतलं. याला आम्ही धडा करणं म्हणतो. रिकाम्या भांड्याचं वजन आधी काढून ठेवायचं आणि मग मालाच्या वजनातून वजा करायचं. धडा केला नाही तर गिऱ्हाईक तेलाऐवजी डबा विकत घेतं.

निळी, धडा वजा जाता, नऊशे ग्रॅम. हिरवी बाराशे. फुलाफुलांची साडेसातशे आणि मग ढसाढसा गळायला लागली.

ही दारात काठी टेकून बघत होती. म्हणाली, "पाणी ओतून काय कळणार? माणूस बसतं, उठतं, कूस बदलतं. तुमची बादली कधी बसली होती?"

हिनं तीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. आमच्या घरात मापं दोघंही घेत होतो, पण माझ्या मापावर शिक्का असायचा.

५ फेब्रुवारी

निळी, मोठा साइझ. मुद्दाम मोठा घेतला, जास्त मावेल म्हणून. सकाळी आठला घातली. दहाला खुर्चीची गादी ओली. पँटचं वजन केलं तर धडा वजा जाता फक्त एकशे ऐंशी. नऊशेचा माल एकशे ऐंशीला गळतो म्हणजे सरळ फसवणूक आहे. वहीत 'नापास' लिहिलं.

ही म्हणाली, "मांडीला सैल आहे हो. तुम्ही कंबर मोजलीत."

पाकिटावर कंबरच दिलेली आहे, मी म्हटलं. छापलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

६ फेब्रुवारी

फुलाफुलांची. तीनदा गळली. तीन चादरी, दोन गाऊन, गादीवरचं रबर, परत चादर. दुपारी कंबर धरली. दोरीवर जागा उरली नाही म्हणून खुर्च्यांच्या पाठींवर कपडे पसरले.

खरं लिहायचं तर मला कंटाळा आलाय. तिचा नाही. कपड्यांचा, वासाचा, वाकण्याचा. पण कंटाळा आला की तो चिठ्ठी लावून येत नाही, कशाचा आहे म्हणून. संध्याकाळी बादली जरा जोरात ठेवली. जोरात म्हणजे आपटलीच. खोलीतून हिचा आवाज आला, "काय पडलं?"

"काही नाही," म्हटलं.



७ फेब्रुवारी

हिरवी. सकाळी सात ते अकरा, चार तास. दोनशे दहा ग्रॅम. गळती नाही. गादी कोरडी.

९ फेब्रुवारी

हिरवीच. पाच तास. एकशे चाळीस. कोरडी. या कंपनीला दाद द्यायला हवी.

चहा अर्धा कपात तसाच होता. "गार झाला होता," म्हणाली. हिला चहा कायम उकळता लागतो, त्यामुळे नवल वाटलं नाही.

१० फेब्रुवारी

सहा तास. एकशे दहा. कोरडी. आज चादर धुतली नाही, दोन वर्षांत पहिल्यांदा. दुपारी तासभर झोपलो. उठलो तेव्हा ही खिडकीशी बसून माझ्याकडे बघत होती. "झोप लागली का?" म्हणाली. इतकी छान लागली की काय सांगू, असं मी सांगितलं. तिला बरं वाटलेलं दिसलं.

११ फेब्रुवारी

रंगीत तालीम. बसच्या सीटइतकी अरुंद खुर्ची खिडकीजवळ मांडली, समोर एक स्टूल, जणू पुढची सीट. हिला सकाळी आठला बसवलं ते दुपारी दोनपर्यंत. मधे दहा मिनिटं उभं केलं, बस थांबते तशी. मी शेजारी बसून पेपर वाचला. तीन तासांनी ही म्हणाली, "कंडक्टर, गाव आलं का?" खूप दिवसांनी हिनं थट्टा केली.

निकाल: नव्वद ग्रॅम. कोरडी. हिरवी पास. २३ तारखेची दोन तिकिटं काढून आणली आणि ताईंना कळवलं. ताई फोनवर रडल्या. हिला रडू आलं नाही. हिचे ओठ फुटलेत, बोलताना दुखतात. थंडीनं असणार. मलम आणलं.

१२ फेब्रुवारी

सहा तास, साठ ग्रॅम. कोरडी. एवढी चांगली पँट असूनही पाकिटावर जाहिरात साधीच केली आहे. खऱ्या मालाला बोलावं लागत नाही.

ही जरा चिडचिडी. डोकं दुखतंय म्हणाली. दोनदा विचारलं, "आज वार कुठला?" प्रवासाचं डोक्यात घेतलं असेल.

१४ फेब्रुवारी

सकाळी हिला ताप. उठवलं तर मला "मामा" म्हणाली. हिचे मामा जाऊन चाळीस वर्षं झाली. शेजाऱ्यांनी हात लावला आणि दवाखान्यात आणलं. इथल्या बाकावर बसून लिहितोय.

डॉक्टरीणबाई लेकीपेक्षा लहान दिसतात. लघवीचा जंतुसंसर्ग, आणि अंगातलं पाणी पार कमी झालंय, असं म्हणाल्या. सलाईन लावलं. मग मला विचारलं, "काका, यांच्या तोंडाला कोरड किती दिवसांपासून आहे?"

मी ही वही पुढं केली. सगळं लिहिलेलं आहे म्हटलं, रोजचं, ग्रॅममध्ये. खोटं कशाला बोलू, जरा अभिमानानंच दिली. बाईंनी पानं उलटली. दोनशे दहा, एकशे चाळीस, एकशे दहा, नव्वद, साठ. 'कोरडी' या शब्दावरून त्यांचं बोट प्रत्येक पानावर फिरलं. मग म्हणाल्या, "जावक छान लिहिली आहे, काका. आवक कुठं आहे?"

एकतीस वर्षं मी काटा मारणाऱ्यांना पकडलं. तळाशी मेण लावलेली पारडी पकडली, आतून पोखरलेली वजनं पकडली. माझ्या स्वतःच्या घरात पाच दिवस आकडा उतरत होता, आणि मी पाकिटाची पाठ थोपटत होतो.

१६ फेब्रुवारी

ताप उतरला. ही आता वार बरोबर सांगते. सलाईनच्या हातानंच मला जवळ बोलावलं.

"रागावू नका," म्हणाली. "सकाळी दोन घोट, दुपारी गोळीपुरतं. चहा मोरीत ओतायचे, तुम्ही पेपर आणायला गेलात की."

"पण का गं?"

"तुम्ही बादली आपटलीत ना."

खालच्या मजल्यावर कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, त्याचा आवाज ऐकत राहिलो.

"आणि ते पास-नापास," ही म्हणाली. "तुम्ही परीक्षा पाकिटांची घेत होतात, पण पेपर मी देत होते. मी नापास झाले असते तर तुम्ही मला ताईकडं नेलं असतं का?"

नेलं नसतं. तिला तसं बोललो नाही, इथे लिहितो.

१८ फेब्रुवारी

काल घरी आलो. बाईंनी बजावलंय, दिवसाला आठ पेले पाणी, काहीही झालं तरी.

आज सकाळी मी स्वतः एक हिरवी पँट घातली, मोठा साइझ. वरून पायजमा. तीन पेले पाणी प्यायलो आणि त्याच अरुंद खुर्चीत बसलो. म्हटलं, एकदा कळू दे.

काही केल्या होईना. साठ-पासष्ट वर्षांची शिस्त, शरीर ऐकेना. ही समोर चहा पीत बसली होती. पूर्ण कप. "इन्स्पेक्टर," म्हणाली, "घाम फुटलाय तुम्हाला."

दीड तासानं झालं. आधी ऊब. मग मांडीशी एक ओली रेघ, आणि पाच मिनिटांत तीच गार. खोलीत फक्त माझी बायको होती. तरी मला वाटलं की दारं-खिडक्या लावून घ्याव्यात आणि आजचा दिवस कुणाला सांगू नये. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. हिनं हे दोन वर्षं केलंय, दिवसातून चारदा, आणि वर मी काटा घेऊन उभा.

"गळली," मी म्हटलं.

"गळणारच. बसा तसेच. उठू नका, बसल्याचं माप हवंय." हिनं शिवणाच्या डब्यातली टेप काढायला लावली. उजव्या हातानं माझ्या मांडीभोवती गुंडाळली, दुसरं टोक मला धरायला लावलं. बोट घालून दाखवलं. बसल्यावर मांडी पसरते आणि जांघेत फट पडते. कंबर बरोबर असून काय उपयोग. शिवाय आत दोन्ही बाजूंना झालर असते, ती घालताना बोटानं उभी करायची असते. मी रोज ती आडवी दाबून बसवत होतो.

"एवढ्या दिवसांत सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. पाकिटावर छापलेलं नव्हतं, म्हणून तुम्ही ऐकलं नाहीत."

मध्यम साइझ आणायचा ठरला.

२० फेब्रुवारी

हिरवी, मध्यम, झालर उभी, पोटभर पाणी. घालून दिली हिच्या सांगण्याप्रमाणे, आधी मांडी, मग कंबर. साडेतीन तास उत्तम. त्यानंतर गळली. तीनशे ऐंशी ग्रॅम.

हा खरा आकडा. साडेतीन तास. प्रवास सहा तासांचा. मधे बस एकदाच थांबते, दहा मिनिटं, आणि तिथल्या संडासाला पायऱ्या आहेत, मी फोन करून विचारलं. लेकीशी बोललो. ती म्हणाली, "बाबा, व्हिडिओवर बोलू द्या त्यांना, उगीच हाल कशाला." मला पटलं. तिकिटं रद्द करायची ठरवली.

२१ फेब्रुवारी

भांडण झालं. खूप वर्षांनी, रीतसर.

"गळली तर गळली," ही म्हणाली. "मी जाणार."

"भरल्या बसमध्ये? लोक काय म्हणतील?"

"मला त्या लोकांची नावंसुद्धा माहीत नाहीत."

"दाताच्या डॉक्टरांकडे झालं तेव्हा तूच म्हणालीस, पुन्हा बाहेर नको."

"खुर्ची भिजली म्हणून नाही म्हटलं." मग एकेक शब्द काढावा तसं बोलली. "तुम्ही रुमालानं खुर्ची पुसत होतात. सगळ्यांना माफ करा, माफ करा म्हणत होतात. त्या बाईला म्हणालात, त्या पोराला म्हणालात, डॉक्टरांना म्हणालात. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. मी ओली उभी होते हो, भिंतीला धरून."

मला आठवतं ते वेगळं. मला आठवतं की मी धावपळ केली, सगळं निस्तरलं. घरी येऊन दमलो होतो. तिच्याकडे बघितलं होतं की नाही, ते आठवायचा दिवसभर प्रयत्न केला. खुर्ची आठवते. तपकिरी, रेक्झिनची.

संध्याकाळी हीच म्हणाली, "तुम्ही सगळ्याचा धडा केलात. मनाचा तेवढा राहिला."

तिकिटं रद्द केली नाहीत.

२३ फेब्रुवारी

ताईंच्या घरी बाहेरच्या खोलीत बसून लिहितोय. दुपारचे तीन. सामान बांधून झालंय, बसायला एक खुर्ची शिल्लक आहे आणि तिच्यावर मी.

बस आठला निघाली. ही खिडकीशी, मी शेजारी. पिशवीत पाच हिरव्या, दोन जोड कपडे, टॉवेल, प्लास्टिक, पाण्याच्या दोन बाटल्या. पहिल्या तासात हिनं अर्धी बाटली संपवली. मी बघत होतो. म्हणाली, "आवक लिहा."

थांब्यावर उतरलो. पायऱ्या चार होत्या, कठडा डाव्या हाताला. हिचा डावा हात धरत नाही. दोन पायऱ्या चढलो आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कंडक्टर खाली उभा होता, त्याला म्हटलं, पाच मिनिटं द्या. "आजोबा, आधीच उशीर झालाय," म्हणाला. वाईट नव्हता तो, घाईत होता. तसेच परत चढलो.

बाराच्या सुमारास हिनं माझा हात धरला. "झालं," म्हणाली. सीटवर प्लास्टिक होतं, पण पाणी आपली वाट काढतंच. माझ्या विजारीला लागलं. पलीकडच्या सीटवरच्या बाईनं एकदा बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली. माझ्या तोंडाशी 'माफ करा' आलं होतं. ते गिळायला मला केवढी ताकद लागली म्हणून सांगू. मी हिच्याकडे बघितलं. ही घाबरलेली होती. जाते जाते म्हणून भांडलेली ही बाई आतून पार घाबरलेली होती. मी म्हटलं, "अजून दोन तास. पाणी हवं?" तिनं मान डोलावली आणि प्यायली.

दारात ताई. ताईंनी हिला वरून खालपर्यंत पाहिलं, ओला झगा पाहिला, माझी विजार पाहिली, आणि म्हणाल्या, "चल आत. भावोजी, पिशवी द्या इकडं." मी म्हटलं, मी करतो, मला सवय आहे. "तुम्ही बसा," म्हणाल्या आणि हिला धरून न्हाणीघरात गेल्या. दार नीट लागत नाही, फटीतून सगळं ऐकू येतं.

पाण्याचा आवाज. काहीतरी पडलं. मग ही हसली. झटका आल्यापासून हिचं तोंड एका बाजूला ओढतं, म्हणून ही हसायचं टाळते. आज खदखदून हसली. ताईंनाही हसू आवरेना. मला हेवा वाटला, हे मी लिहून ठेवतो. दोन वर्षं मी त्या एका गोष्टीला अडवायला जिवाचं रान केलं. ती आज भर बसमध्ये घडली, आणि घडून गेल्यावर ही हसतेय, दुसऱ्याच कुणाबरोबर.

मग आवाज कमी झाले. ताई हळू बोलत होत्या.

"हे घालायचं कसं गं?"

"आधी मांडी. मग वर. झालर उभी कर बोटानं. हां, तशी."

"गळत नाही?"

"गळतं. साडेतीन तासांनी. मग बदलायचं."

मला वाटलं झालं असेल म्हणून मी उठलो, पिशवी घ्यायला.

"एक माझ्यासाठी ठेवशील?" ताई म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही अजून. मुलालासुद्धा नाही. विमान चौदा तासांचं आहे गं."

मी जागच्या जागी थांबलो. ताई रडत होत्या, तोंडावर पदर धरून रडावं तशा, दबून. गेले तीन आठवडे रोज फोनवर त्या हिला प्रवासाचं विचारत होत्या. कशी येशील, किती वेळ लागेल, मधे सोय आहे का. मी म्हणायचो, किती काळजी करतात बहिणीची.

"रडतेस काय," आतून हिचा आवाज आला, कपडे शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायची तसा. "पाणी कमी केलंयस ना? बघ ओठ कसे झालेत. इकडं ये. उभी नको राहूस, बस माझ्यासमोर. बसल्याचं माप हवंय."

मी दार पुढं ओढून घेतलं आणि वही घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसलो. विजार अजून ओलीच आहे. आत दोघींना घाई नाही.